सकाळची पंगत : बंगलोरची न्याहारीगृहे आणि आपण

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत न्याहारीवर लेख असावा, ही सूचना प्रथम पुढे आली तेव्हा संपादक मंडळातील काही ज्येष्ठांना ती थोडी पोरकट वाटली. स्मरणिकेत गणेशोत्सवाचा वृत्तांत असावा, दिवंगत कार्यकर्त्यांस आदरांजली असावी, आपल्या नाट्यस्पर्धांचा आढावा असावा. इडली-डोशाचा इतिहास कशाला, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. परंतु थोडा विचार करता आम्हा सर्वांच्याच एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या मंडळाची घटना लिहून होण्यापूर्वी, कार्यालयासाठी भाड्याची खोली मिळण्यापूर्वी, रविवारी सकाळी कोठल्या तरी टिफिन रूममध्ये चार मराठी कुटुंबे एका टेबलाशी बसत होती. मंडळाचा जन्म कागदावर सभेत झाला असला, तरी त्याचे बारसे फिल्टर कॉफीवर झाले होते. तेव्हा ज्या शहराने आपल्याला पन्नास वर्षे न्याहारी दिली, त्या शहरात ही न्याहारी आली कोठून, ती कोणी रांधली आणि तिच्या पंगतीला कोण बसले, कोण बसले नाही, हे एकदा नीट पाहून घ्यावे, असे आम्ही ठरविले.

शहराच्या नावाविषयी आरंभीच एक खुलासा करणे इष्ट. २०१४ पासून त्याचे अधिकृत नाव बेंगळूरु असे आहे. परंतु आपल्या पिढीच्या जिभेवर ‘बंगलोर’ हेच नाव बसले असल्याने या लेखात तेच ठेवले आहे. कानडी मित्रांनी क्षमा करावी.

पीठ आंबविण्याची विद्या

इडली ही दक्षिणेची आणि आपण तिचे पाहुणे, अशी आपली समजूत असते. ती बव्हंशी खरी आहे, पण संपूर्ण नाही. इडलीचा सर्वांत जुना लिखित उल्लेख आढळतो तो कन्नड भाषेत. सुमारे इसवी सन ९२० मधील ‘वड्डाराधने’ या जैन कथाग्रंथात ‘इड्डलिगे’ हा पदार्थ येतो. पुढे १०२५ च्या सुमारास दुसऱ्या चावुंडरायाने ‘लोकोपकार’ या ग्रंथात त्याची कृतीच दिली आहे. उडदाची डाळ ताकात भिजवावी, बारीक वाटावी, दह्याच्या निवळीत कालवावी आणि तीत मसाला घालावा, असे तो सांगतो. येथे तांदूळ नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आजची तांदूळ-उडदाची, रात्रभर आंबवून वाफविलेली इडली नंतरच्या काळातील.

आणखी शंभर वर्षांनी, ११३० च्या सुमारास, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने काय खावे, काय ल्यावे, कोणते खेळ खेळावेत, कोणते गाणे ऐकावे, याचा तो कोशच होय. त्यात इडलीची पूर्वज ‘इडरिका’ आहे आणि डोशाचा पूर्वज ‘धोसक’ही आहे. मराठी वाचकाला या ग्रंथाविषयी विशेष आपुलकी वाटावी असे कारण निराळेच आहे. कांडण करताना महाराष्ट्रातील स्त्रिया ओवी गातात, अशी नोंद याच ग्रंथात सापडते. म्हणजे इडली आणि ओवी या दोघींची गाठ नऊशे वर्षांपूर्वी एकाच पुस्तकात पडलेली आहे. सोमेश्वराच्या राज्यात आजच्या कर्नाटकाचा आणि महाराष्ट्राचा मोठा भाग एकत्र नांदत होता. आपण या प्रदेशात परके म्हणून आलो असे वाटते, तेव्हा हे स्मरण उपयोगी पडते.

सांबाराची गोष्ट मात्र जपून सांगावी लागते. तंजावरच्या मराठी दरबारात संभाजीमहाराजांच्या स्वागतासाठी आमटीत कोकमाऐवजी चिंच पडली आणि त्यांच्या नावावरून सांबार झाले, ही आख्यायिका प्रत्येक मराठी मेळाव्यात एकदा तरी ऐकावी लागते. ती गोड आहे, पण तिला समकालीन पुरावा नाही. संस्कृतात ‘संभार’ म्हणजे सामग्री, कन्नडमध्ये ‘सांबार’ हा शब्द मसाल्याच्या जिनसांना लावतात आणि आपल्या विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. शब्दाचे मूळ या बाजूस शोधणे अधिक सयुक्तिक. तंजावरात मराठ्यांचे राज्य १८५५ पर्यंत होते आणि तेथील ‘पिटलै’ या पदार्थात आपले पिठले ओळखू येते, एवढे मानून समाधानी राहावे.

खरी गंमत बंगलोरच्या उपाहारगृहातील फळ्यावरच लिहिलेली असते. नवागत मराठी माणूस ‘वांगी बात’ मागवतो आणि पुढे वांगीभात आल्यावर चकित होतो. कन्नडमध्ये वांग्याला बदनेकायी म्हणतात आणि शिजलेल्या तांदळाला अन्न. म्हणजे ‘वांगी’ही आपली आणि ‘भात’ही आपला. ‘खारा बात’ म्हणजे तिखटमिठाचे उपीट, ‘केसरी बात’ म्हणजे केशरी शिरा; आणि दोन्ही एका बशीत शेजारी शेजारी आले की ‘चौ चौ बात’. आपल्याकडे भात हा तांदळाचाच. येथे रव्यालाही तो मान मिळाला. कोणत्या तरी काळी मराठी बोलणाऱ्या घरांतून हे शब्द येथील चुलीपर्यंत गेले, एवढे निश्चित. ती घरे कोणती?

शहाजीराजांचे बंगलोर

केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविलेल्या या नगरावर १६३८ मध्ये विजापूरच्या फौजा रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली चालून आल्या. त्या मोहिमेत शहाजीराजे होते. बंगलोर त्यांच्याकडे जहागीर म्हणून आले आणि त्यांनी येथे आपले ठाणे केले. बालशिवाजी आणि जिजाऊसाहेब काही काळ येथे होते. शहाजीराजांच्या येथील दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’त केलेले आहे. पुढे व्यंकोजीराजे तंजावरला स्थिर झाले. १६८७ मध्ये मोगलांनी बंगलोर घेतले आणि तीन लाख रुपयांस ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना विकले. मराठी अंमल सुमारे अर्धशतकाचा. परंतु राजा गेला म्हणजे त्याच्याबरोबर आलेला शिलेदार, पागेवाला, कारागीर आणि आचारी जातोच असे नाही. त्यांतील पुष्कळजण येथेच राहिले, कानडी शिकले, नावापुढे राव लावून येथील झाले.

मल्लेश्वरममधील काडु मल्लेश्वराच्या देवळापाशी १६६९ चा एक शिलालेख आहे. देवाच्या पूजाअर्चेसाठी एक गाव लावून दिल्याचा तो लेख असून दान देणारे व्यंकोजीराजे आहेत. याच देवावरून त्या भागास मल्लेश्वरम हे नाव मिळाले. आम्ही कित्येक वर्षे त्या देवळापासून थोड्या अंतरावर लोण्यातला डोसा खाण्यासाठी रांगेत उभे राहत होतो. शिलालेख पाहावयास गेलो तो फार उशिरा.

प्लेग, नवी उपनगरे आणि टिफिन रूम

आज ज्याला आपण बंगलोरची न्याहारी म्हणतो, तिचा सार्वजनिक इतिहास शंभर-सव्वाशे वर्षांचाच आहे. घराबाहेर शिजलेले अन्न खाणे हे त्यापूर्वी सोवळ्याओवळ्याच्या समाजात कमीपणाचे मानले जाई. ही अढी मोडण्यास अनेक गोष्टी कारण झाल्या. १८९८ मध्ये शहरात प्लेग आला. दाटीच्या पेठांतून लोक बाहेर पडले आणि बसवनगुडी व मल्लेश्वरम ही रुंद रस्त्यांची नवी उपनगरे वसली. तेथे शाळा आल्या, कॉलेजे आली, कारकून आणि मास्तर आले, खेड्यांतून शिकावयास आलेली एकटी मुले आली. या मुलांना सकाळी कोणी तरी खाऊ घालणे भाग होते.

ते काम केले उडुपीच्या परिसरातून आलेल्या माणसांनी. उडुपीच्या श्रीकृष्ण मंदिराभोवती मध्वाचार्यांच्या परंपरेतील आठ मठ आहेत. मोठ्या पंगतीसाठी शुचिर्भूतपणे, कांदा-लसणाविना आणि वेळेवर स्वयंपाक करण्याची विद्या तेथे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती. जमीन तुटपुंजी, घरात खाणारी तोंडे अनेक; तेव्हा तेथील तरुण घाट ओलांडून बंगलोर, मद्रास आणि मुंबई येथे गेले. मुंबईत माटुंग्याला १९४२ मध्ये रामा नायकांनी सुरू केलेले भोजनगृह हे याच प्रवाहातील. आपल्यापैकी बहुतेकांनी पहिली इडली दादर-माटुंग्यास नाही तर पुण्यात डेक्कनवर खाल्ली आणि ‘उडप्याचे हॉटेल’ हा शब्द त्यापूर्वीच आपल्या बोलीत रुळला होता. त्या अर्थाने उडुपीची माणसे आपल्या आधी आपल्या गावी पोहोचली आणि मग आपण त्यांच्या गावांकडे निघालो.

बंगलोरमधील या परंपरेचे मुख्य पीठ म्हणजे ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’, सर्वांच्या तोंडी एमटीआर. उडुपीजवळच्या खेड्यातून आलेल्या मय्या बंधूंनी १९२४ मध्ये लालबागेच्या परिसरात लहानसे उपाहारगृह काढले. त्याचे मूळचे नाव ‘ब्राह्मिन कॉफी क्लब’. या बंधूंपैकी यज्ञनारायण मय्या १९५१ मध्ये युरोपात जाऊन आले. तेथील उपाहारगृहांतील स्वच्छता आणि शिस्त पाहून त्यांनी परत आल्यावर आपल्या स्वयंपाकघराची घडी बदलली. १९६० मध्ये लालबाग रस्त्यावरील आजच्या इमारतीत हे टिफिन रूम आले. चांदीच्या पेल्यातून कॉफी हे त्याचे भूषण.

रवा इडलीची कुळकथाही येथलीच सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तेथून येणारा तांदूळ थांबला आणि दक्षिणेत तांदळाची टंचाई झाली. तांदूळ नाही म्हणून इडली बंद ठेवण्याऐवजी मय्यांनी रवा घेतला, दह्यात भिजविला, मोहरी-काजूची फोडणी दिली आणि वाफविला. आज आपल्या घरोघरी पाहुण्यांसाठी होणारा हा पदार्थ युद्धकाळातील टंचाईचे अपत्य आहे.

दुसरे संकट १९७५ च्या आणीबाणीत आले. उपाहारगृहांतील पदार्थांचे भाव सरकारने इतके खाली बांधून दिले की तूप आणि काजू घालून ते विकणे परवडेना. दर्जा उतरविण्याऐवजी मय्यांनी उपाहारगृह काही काळ बंद ठेवले आणि हाताखालच्या माणसांना काम राहावे म्हणून तयार पिठे आणि मसाले पुड्यांतून विकण्यास आरंभ केला. त्या पुड्या पुढे आपल्या बायकांच्या सामानातून पुणे-नागपूरच्या माहेरी आणि लेकींच्या मागोमाग परदेशी गेल्या. पिठांचा तो कारखानदारी व्यवसाय २००७ मध्ये नॉर्वेच्या ऑर्क्ला या कंपनीने घेतला. उपाहारगृह मात्र मय्या घराण्याकडे राहिले.

बसवनगुडीतील गांधी बाजारात १९४३ मध्ये ‘विद्यार्थी भवन’ उघडले. नावाप्रमाणे ते आसपासच्या विद्यार्थ्यांसाठीच होते. १९७० मध्ये ते रामकृष्ण अडिगांकडे आले. डोशांच्या बशांची चळत हातावर खांद्यापर्यंत रचून वाढपी टेबलांमधून तोल सांभाळत येतो, हे दृश्य आपल्यापैकी कोण विसरेल? बाहेरून तुपात खरपूस, आतून मऊ, वर पातळ चटणी ओतलेली. बसवनगुडी हे कन्नड साहित्यिकांचे वसतिस्थान. त्यामुळे येथील भिंतीवर लेखकांची चित्रे आहेत. आपल्याकडे सदाशिव पेठेत जे घडले, ते येथे गांधी बाजारात घडले, असे म्हणावयास हरकत नाही.

जवळच शंकरपुरम येथे १९६५ पासून ‘ब्राह्मिन्स कॉफी बार’ आहे. इडली, वडा, खारा बात, केसरी बात, कॉफी आणि चहा एवढाच तेथील पसारा. सांबार नाही, केवळ चटणी. पण ती हवी तितकी. बसावयास जागा नाही, रस्त्यावर उभे राहून खावयाचे. मल्लेश्वरममधील ‘सेंट्रल टिफिन रूम’ आता ‘श्री सागर’ झाले असले, तरी त्यास सीटीआरच म्हणतात आणि लोण्यातला मसाला डोसा खाण्यासाठी तेथे आजही रांग लागते. १९८३ मध्ये जयनगरात ‘कॅफे दर्शिनी’ निघाले. स्वयंपाकघर समोर दिसते, कूपन घ्यावयाचे, बशी स्वतः उचलायची आणि उभ्यानेच खाऊन निघायचे, ही त्याची रीत. पुढे शहरात शेकडो ‘दर्शिनी’ झाल्या. उभ्याने खाण्याच्या या पद्धतीत एक मूक क्रांती होती, हे तेव्हा आपल्या लक्षात आले नाही. जेथे बसण्याची पंगतच नाही, तेथे पंक्तिभेद कोठून येणार?

कॉफी आणि दंडूची बाजू

कॉफीची कथा बाबा बुडन यांच्यापासून सुरू होते. सतराव्या शतकात हा सूफी साधू हजयात्रेहून परतताना येमेनमधून कॉफीच्या सात बिया लपवून घेऊन आला आणि चिकमगळूरच्या डोंगरावर त्याने त्या रुजविल्या, अशी परंपरा सांगते. कॉफी बोर्ड १९४२ मध्ये स्थापन झाले. कॉफीचा खप वाढविण्यासाठी काढलेले पहिले कॉफी हाउस मात्र १९३६ मध्ये आपल्या मुंबईत उघडले होते. १९५० नंतरच्या दशकात बोर्डाने ही कॉफी हाउसे बंद करावयास घेतली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालविली. आणि अशी पहिली संस्था १९५७ मध्ये बंगलोरलाच स्थापन झाली. महात्मा गांधी रस्त्यावरील येथील जुने कॉफी हाउस २००९ मध्ये बंद होऊन चर्च स्ट्रीटवर गेले. शुभ्र गणवेश आणि डोक्यावर तुरेदार फेटा बांधलेले तेथील वाढपी म्हणजे आम्हा बाहेरगावच्या पोरांना लग्नातल्या वऱ्हाडासारखे वाटत.

हा भाग ‘दंडू’चा, म्हणजे १८०९ मध्ये इंग्रजांनी वसविलेल्या लष्करी छावणीचा. येथली सकाळ निराळी. सेंट मार्क्स रोडवरील ‘कोशीज’ची बेकरी १९४० मध्ये निघाली आणि पुढे तिचे उपाहारगृह झाले. तेथे रविवारी आप्पम आणि स्ट्यू खावयाचा, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचावयाचे आणि बारा वाजले तरी उठावयाचे नाही, हा परिपाठ. न्याहारी आणि जेवण यांच्या मधल्या या खाण्याला आजची मुले ‘ब्रंच’ म्हणतात. आमच्या लहानपणी उशिरा उठणाऱ्यास शिव्या मिळत. आता त्याच्यासाठी निराळे जेवण निघाले आहे.

जे टेबल आम्ही पाहिले नाही

येथवरचा इतिहास आपल्यापैकी बहुतेकांस थोडाफार ठाऊक असतो. आता जे लिहावयाचे आहे, ते लिहिण्यास थोडा संकोच होतो. पण सुवर्णमहोत्सव हा नुसता स्वतःची पाठ थोपटण्याचा प्रसंग नव्हे.

वर दोन उपाहारगृहांच्या नावांत ‘ब्राह्मिन’ हा शब्द येऊन गेला. त्या काळी तो शाकाहाराची आणि सोवळ्याची खूण होता, हे खरे. परंतु तो एक दरवाजाही होता. दक्षिणेतील कित्येक उपाहारगृहांत ब्राह्मणांसाठी निराळी बैठक असे आणि काहींना तर उंबऱ्याच्या आत प्रवेशच नसे. सार्वजनिक उपाहारगृहात जातीवरून मज्जाव करता येणार नाही, हे १९५० मध्ये राज्यघटनेने सांगितले आणि १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने तो गुन्हा ठरविला. शंभर वर्षांच्या या इतिहासात सर्वांना एकत्र बसण्याचा हक्क मिळून पाऊणशे वर्षेच झाली आहेत.

याच शहरात न्याहारीची दुसरी एक परंपरा त्याहून जुनी आहे. तिला ‘मिलिटरी हॉटेल’ म्हणतात. छावणीतील शिपायांना मांसाहारी जेवण देणारी खानावळ म्हणून हे नाव पडले, असे कोणी म्हणतात. मराठा फौजेच्या आठवणीने पडले, असे दुसरे म्हणतात. कॉटनपेटेतील एस. जी. राव यांचे मिलिटरी हॉटेल १९०८ पासूनचे म्हणून ओळखले जाते. जयनगरचे ‘शिवाजी मिलिटरी हॉटेल’ नावानेच आपली ओळख सांगते. ही आणि अशी अनेक मिलिटरी हॉटेले चालविणारी कुटुंबे मराठा आहेत. सकाळीच तेथे चुली पेटतात. इडलीबरोबर पायाचे सूप, डोशाबरोबर खिमा, नाचणीची मुद्दे आणि मटण. आणि ‘दोन्ने बिर्याणी’, म्हणजे वाळलेल्या पानाच्या द्रोणात वाढलेला, हिरव्या मसाल्याचा, आखूड तांदळाचा भात. ‘दोन्ने’ हा शब्द आपल्या कानाला द्रोणाचे भावंड वाटतो. हमाल, गाडीवाले, पहाटे बाजारास आलेले शेतकरी, पहिलवान यांची ही न्याहारी. पोटभर, झणझणीत आणि रास्त.

आम्ही या शहरात आलो ते नोकरीसाठी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या पुढाकाराने १९४० मध्ये येथे विमानांचा कारखाना निघाला. मग टेलिफोन, यंत्रसामग्री, इलेक्ट्रॉनिक्सचे सरकारी कारखाने आले. त्यांतून अभियंते, हिशेबनीस, शास्त्रज्ञ असे मराठी लोक येत राहिले. त्यांनी आपापली मंडळे काढली. आपले मंडळही त्याच वळणाचे. आपल्यातील बहुतेकांच्या सकाळी टिफिन रूममध्ये गेल्या, ते सहजच होते. त्यात दोष शोधावा असे नाही.

पण एक प्रसंग आम्हांला विसरता येत नाही. मंडळाच्या आरंभीच्या वर्षांत गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करताना आम्ही तिघेचौघे जुन्या पेठेतील एका मिलिटरी हॉटेलाशी आलो. पावसामुळे वळचणीला उभे राहिलो होतो. गल्ल्यावर बसलेल्या वृद्ध मालकांनी आमचे बोलणे ऐकले आणि आम्हांला आत बोलावले. त्यांची मराठी निराळी होती. क्रियापदे कानडी वळणाची, शब्द आमच्या आजीच्या तोंडचे. ‘आमीबी मराठीच की,’ ते म्हणाले. त्यांनी न मागता वर्गणी दिली. खाण्याचा आग्रह केला, तो आम्ही उपवासाचे निमित्त सांगून टाळला. उपवास आमच्यापैकी एकाचाच होता. बाहेर पडल्यावर आम्ही त्यांच्या मराठीची नक्कल करून हसलो. पावतीवर नाव लिहिले, पण उत्सवाचे निमंत्रण धाडावयाचे कोणाच्या मनात आले नाही. पुढील वर्षी पुन्हा वर्गणीस गेलो. निमंत्रण त्याही वर्षी राहिले. तिसऱ्या वर्षी गल्ल्यावर त्यांचा मुलगा होता. तो आमच्याशी कानडीत बोलला.

शुद्ध मराठी टिकविण्यासाठी आपण मंडळ काढले आणि जी मराठी या शहरात साडेतीनशे वर्षे टिकून होती, तिला अशुद्ध म्हणून हसलो. शहाजीराजांची जयंती आपण व्याख्याने ठेवून साजरी केली. त्यांच्याबरोबर आलेल्यांच्या वंशजांस मात्र श्रोत्यांतही जागा दिली नाही. हे कोणी ठरवून केले नाही. जेथे आपण खात नाही, तेथली माणसे आपल्याला दिसत नाहीत, एवढेच घडले.

रविवारचा फेरा

नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी हा लेख उपयोगी पडावा म्हणून एका रविवारचा फेरा येथे सुचवितो. वेळा आणि सुट्टीचे वार बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. विद्यार्थी भवन शुक्रवारी आणि ब्राह्मिन्स कॉफी बार रविवारी बंद ठेवण्याची रीत आहे.

उजाडताच लालबागेत फिरून यावे आणि भूक लागताच एमटीआरच्या रांगेत नाव द्यावे. रवा इडली घ्यावी. तिच्यासोबत तुपाची वाटी येते, ती परत पाठवू नये. दुसऱ्या रविवारी गांधी बाजारात डोसा खाऊन बाहेरच्या फुलबाजारात थोडे रेंगाळावे. तिसऱ्या रविवारी मल्लेश्वरमला आधी व्यंकोजीराजांचा शिलालेख पाहावा, मुलांना दाखवावा आणि मग लोण्याच्या डोशाकडे वळावे. हा क्रम उलटा केल्यास शिलालेख राहून जातो, हे आम्ही अनुभवाने सांगतो. चौथ्या रविवारी सावकाश उठावे आणि जे मांसाहार करतात त्यांनी मिलिटरी हॉटेलात जावे. द्रोणातला भात खावा. जे करीत नाहीत, त्यांनीही एकदा गल्ल्यापाशी थांबून मराठीत नमस्कार करावा. उत्तर कोणत्या भाषेत येते, ते शांतपणे ऐकावे. आले तर हसू नये.

या शहरात एक सुंदर रीत आहे. ‘वन बाय टू’ असे म्हटले की वाढपी एक कॉफी दोन पेल्यांत आणून देतो. कोणी कंजूष म्हणत नाही, कपाळाला आठी घालत नाही. एकाची कॉफी दोघांत वाटून घेणे हे येथे सभ्यपणाचे लक्षण आहे. पन्नास वर्षांत या शहराकडून आपण पुष्कळ गोष्टी उचलल्या. ही मात्र अर्धीच शिकलो. आपापसात कॉफी वाटून घेतली, शेजारच्या टेबलाला विचारावयाचे राहिले.

सुवर्णमहोत्सवाच्या सांगतेचा कार्यक्रम रविवारी सकाळी न्याहारीने व्हावा, असे कार्यकारिणीने ठरविले आहे. या वेळी जुन्या पेठेतील मराठा कुटुंबांस निमंत्रणे छापील पत्राने नव्हे, तर घरी आणि दुकानी जाऊन द्यावयाची आहेत. त्या वृद्ध गृहस्थांच्या हॉटेलाकडे आम्ही स्वतः जाणार आहोत. गल्ल्यावर आता त्यांचा नातू बसतो, असे कळते. तो आला, तर त्याला पहिल्या पंगतीत बसवावे. आणि नाही आला, तर या खेपेस वर्गणी न मागता, त्याच्याच दुकानी बसून खाऊन यावे.